मेल पाठवला फेस्टने, स्पॅममध्ये गेलं हॉल तिकीट

आधी एक काम करा. मोबाइलवर जीमेल उघडा, डावीकडच्या तीन रेषांवर टॅप करा आणि खाली सरकत स्पॅमच्या फोल्डरपर्यंत जा. तिथे लॉटरी लागलेली असेल, झटपट कर्ज मंजूर झालेलं असेल, घरबसल्या कमाईचे तीन-चार मार्गही असतील. पण नीट बघा, त्याच गर्दीत एखादा खरा मेलही पडलेला सापडू शकतो. कॉलेजचा, विद्यापीठाचा, स्कॉलरशिपचा नाहीतर मुलाखतीच्या बोलावण्याचा. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप डिलीट करतं. म्हणजे महिनाभर तुम्ही तिथे डोकावला नाहीत, तर असा मेल आला होता हेसुद्धा तुम्हाला कधी कळणार नाही.

खरा मेल तिथे गेलाच कसा? आपण बहुतेक वेळा गूगलला दोन शब्द सुनावतो आणि विषय सोडून देतो. पण अनेकदा कारण मेल पाठवणाऱ्याच्याच घरात असतं. त्याच संस्थेतल्या दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी, भरमसाट मेल पाठवलेले असतात आणि त्यात संस्थेच्या नावाची पत गेलेली असते. हे दुसरे कुणीतरी म्हणजे पुष्कळदा आपणच असतो. गॅदरिंगची टीम, टेक फेस्टची टीम, ई-सेल, प्लेसमेंट सेलचे व्हॉलंटिअर. म्हणून हा विषय फक्त आयटीवाल्या सरांचा नाही, तुमचाही आहे.

पत्ता उजवीकडून वाचा

सबडोमेन हा शब्द जड वाटत असला तरी तुम्ही तो रोज वापरता. घरच्यांसाठी सातबारा काढायला आपण 'भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन'वर जातो. हा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा. 'गव्ह डॉट इन' म्हणजे भारत सरकारची वसाहत. 'महाभूमी' हे त्या वसाहतीतलं एक घर, म्हणजे मुख्य डोमेन. आणि 'भूलेख' ही त्या घरातली एक खोली, म्हणजे सबडोमेन. डिजिटल सहीचा सातबारा देणारी 'डिजिटल सातबारा' ही त्याच घरातली दुसरी खोली. स्कॉलरशिपचा फॉर्म जिथे भरता ते महाडीबीटीही 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' या घरातली एक खोलीच आहे.

राज्याच्या सीईटी सेलचे पत्ते आठवा. मुख्य नाव 'महासीईटी डॉट ऑर्ग' आणि त्याच्या डावीकडे दर वर्षी, दर कोर्ससाठी नवी पाटी. २०२४ मध्ये इंजिनिअरिंगची प्रवेशप्रक्रिया 'एफई२०२४' अशा पाटीच्या सबडोमेनवर चालली होती. कामं वेगळी ठेवायची तर ही पद्धत सोयीची आहे, त्यात वावगं काही नाही.

ईमेलचंही असंच. ॲटच्या चिन्हानंतर जे येतं ते डोमेन. परीक्षा विभाग मुख्य डोमेनवरून मेल पाठवतो आणि फेस्टची टीम 'फेस्ट डॉट अमुक कॉलेज'वरून. तुम्हाला हे दोन वेगळे पत्ते दिसतात. प्रश्न असा, की जीमेललाही ते दोन वेगळे दिसतात का? उत्तर आहे, अर्धवट.

पत मोजतात कशी?

गावातल्या किराणा दुकानात उधारीची वही असते. दुकानदार पान उघडतो ते घराच्या नावाचं. धाकट्याने वेफर्स उधार नेले काय आणि थोरल्याने तेलाचा डबा नेला काय, पान तेच. धाकट्याची उधारी तुंबली की पुढच्या वेळी थोरल्यालाही "आधी मागचं मिटवा" असं ऐकावं लागतं.

जीमेल, याहू, आउटलुक यांच्याकडे अशीच वही असते. तिला 'सेंडर रेप्युटेशन' म्हणतात. आपण तिला सरळ पत म्हणू. मेल आला की यांचा फिल्टर आधी हे बघतो, की या नावाचं मागचं वागणं कसं आहे. किती लोकांनी या नावाचे मेल स्पॅम म्हणून दाबले? किती मेल अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांवर जाऊन परत आले? काल पन्नास मेल पाठवणाऱ्याने आज अचानक पाच हजार का पाठवले? मेलमधल्या लिंक कुठे जातात? आणि मुख्य म्हणजे हा मेल खरंच त्या घरातून आलाय, की नाव वापरून तिसऱ्याच कुणी टाकलाय?

हे शेवटचं तपासायला तीन साधनं आहेत. एसपीएफ म्हणजे या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरला आहे याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरचा डिजिटल सही-शिक्का. आणि डीमार्क म्हणजे यादीही जुळली नाही आणि शिक्काही जुळला नाही, तर त्या मेलचं काय करायचं याची घरमालकाने लावलेली सूचना: जाऊ द्या, स्पॅममध्ये टाका किंवा दारातूनच परत पाठवा.

इथे गंमत बघा. एसपीएफची यादी सबडोमेनला वारशाने मिळत नाही. मुख्य डोमेनची यादी कितीही चोख असली, तरी 'फेस्ट'ची यादी वेगळी करावी लागते. डीमार्कची सूचना मात्र वारशाने खाली येते. सबडोमेनने स्वतःची वेगळी सूचना लावली नसेल, तर मुख्य डोमेनचीच तिथे लागू होते. सबडोमेनसाठी काय करायचं हे मुख्य डोमेन स्वतंत्रपणे सांगूही शकतं. थोडक्यात, खोली वेगळी असली तरी घराची आणि तिची नाळ तुटत नाही. ती तशीच ठेवलेली आहे, मुद्दाम.

मुद्दाम का? उलटा विचार करा. प्रत्येक सबडोमेनची पत पूर्ण वेगळी धरली असती, तर स्पॅम पाठवणाऱ्यांची चांदी झाली असती. सबडोमेन काढायला पैसे लागत नाहीत. आज 'अ' बदनाम झालं, उद्या 'ब' काढा, परवा 'क'. म्हणून फिल्टर खोलीची नोंद ठेवतात आणि घराचीही ठेवतात. कंपन्या आपलं नेमकं सूत्र सांगत नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे: चांगल्या घरातल्या नव्या खोलीला घराच्या नावाचा थोडा फायदा मिळतो आणि बिघडलेल्या खोलीचा वास हळूहळू घरभर पसरतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

२०२४ पासून नियम कडक

आधी हे सगळं बरंचसं पडद्याआड होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नवे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू केले. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून आउटलुक, हॉटमेलसाठी तसेच नियम आणले. आज कॉलेजच्या मेलचं भवितव्य याच नियमांवर ठरतं, त्यामुळे त्यातले आकडे समजून घ्या.

गूगलच्या हिशेबात २४ तासांत वैयक्तिक जीमेल खात्यांवर साधारण ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणारा 'बल्क सेंडर' ठरतो. हे ५,००० मुख्य डोमेन आणि त्याची सगळी सबडोमेन मिळून मोजले जातात. गूगलने स्वतःच्या नियमावलीत हे उदाहरणासह लिहिलंय. आता समजा, एका कॉलेजच्या परीक्षा विभागाने एका दिवशी २,२०० विद्यार्थ्यांना हॉल तिकिटाचे मेल पाठवले. त्याच दिवशी फेस्टच्या टीमने सबडोमेनवरून जिल्ह्याभरातल्या ३,००० जणांना आमंत्रणं धाडली. दोघांनाही वाटतं आपण मर्यादेत आहोत. बेरीज झाली ५,२००. आणि एकदा बल्क सेंडरचा शिक्का बसला की गूगल तो पुसत नाही, तो कायमचा. म्हणजे एका दिवसाच्या उत्साहाने संपूर्ण कॉलेज कडक नियमांच्या रांगेत जाऊन उभं राहतं.

कडक म्हणजे काय? एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत. जाहिरातवजा मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून नाव काढायची सोय हवी. आणि स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली राहावं, ०.३ टक्क्याला तर कधीच पोहोचू नये.

हे ०.३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण इनबॉक्समध्ये पोचलेल्या १,००० मेलमागे ते फक्त तीन जण होतात. तुमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या तिघांनी "हा काय रोज रोज मेल" म्हणत स्पॅमचं बटण दाबलं की झालं. प्रमाण ०.३ टक्क्याच्या वर गेलेल्या बल्क सेंडरची रदबदलीची विनंती गूगल ऐकत नाही. सलग सात दिवस प्रमाण खाली राहिलं की मगच दार उघडतं. आणि परीक्षेच्या आधीचे सात दिवस म्हणजे काय असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ताडकळसला काय होतं?

आता या सगळ्याची किंमत कोण मोजतं ते बघू. समजा, परभणीच्या एका कॉलेजात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसची एक विद्यार्थिनी शिकते. रोज एसटीने येऊन-जाऊन. कॉलेजने तिला मेल केला, 'फॉर्ममध्ये त्रुटी आहे, शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा.' त्याच आठवड्यात फेस्टच्या टीमने कुठून तरी मिळवलेल्या यादीवर मेलचा मारा केला आणि कॉलेजच्या नावाची पत घसरली. त्रुटीचा मेल सगळ्यांच्याच स्पॅममध्ये गेला.

होस्टेलवरच्या मुलांचं फारसं बिघडलं नाही. मेसमध्ये कुणीतरी बोललं, कॅन्टीनमध्ये कुणीतरी स्क्रीनशॉट दाखवला, ऑफिसच्या बाहेरची नोटीस जाता-येता दिसली. निरोप त्यांना चार वाटांनी मिळतो. ताडकळसच्या मुलीला तास संपला की स्टँड गाठायचं असतं, कारण नंतरची गाडी उशिराची. पेरणी-काढणीच्या दिवसांत तर आठवडाभर येणंच होत नाही. तिच्यासाठी मेल हीच नोटीस बोर्ड असते, आणि तीच तिला दिसत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे 'गुड मॉर्निंग'खाली तो निरोप असलाच, तरी सापडायला हवा ना.

मेल स्पॅममध्ये जाणं सगळ्यांना सारखं झोंबत नाही. जो कॅम्पसपासून जितका लांब, त्याला तितकं जास्त. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे येतात. अशा पसरलेल्या भागात निरोपासाठी मेलचा आधार वाढत जाणार हे उघड आहे. मग त्या मेलची पत सांभाळणं म्हणजे नोटीस बोर्डाला कुलूप लागू न देणं. ती शिपायाइतकीच प्राचार्यांचीही जबाबदारी, आणि फेस्टच्या सेक्रेटरीचीसुद्धा.

रिकाम्या खोलीत शिरलेला चोर

सबडोमेन वापरताना पत जाते, तशी ते वापरणं सोडून दिल्यावरही जाते. कशी, ते एका खऱ्या प्रकरणात दिसलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गार्डिओ लॅब्ज या सायबर सुरक्षा संस्थेने एक मोठा घोटाळा उघड केला. त्याला त्यांनी नाव दिलं 'सबडोमेलिंग'. नामांकित कंपन्या आणि संस्थांची ८,००० हून अधिक डोमेन आणि १३,००० हून अधिक सबडोमेन वापरून रोज लाखो फसवे मेल पाठवले जात होते. त्यात एमएसएन, मॅकॅफी, 'द इकॉनॉमिस्ट' आणि कॉर्नेल विद्यापीठ अशी नावं होती. मॅकॅफी तर अँटिव्हायरस विकणारी कंपनी!

चोरी कशी झाली हे मजेशीर आहे आणि भीतीदायकही. २००१ मध्ये मार्था स्टुअर्ट या अमेरिकी सेलिब्रिटीच्या नावाची एक स्पर्धा एमएसएनबरोबर झाली होती. तिच्यासाठी एमएसएनचं एक सबडोमेन काढलं गेलं आणि डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्तापुस्तकात, ते स्पर्धेच्या वेगळ्या डोमेनकडे वळवलं गेलं. स्पर्धा संपली. वेगळ्या डोमेनचं नूतनीकरण कुणी केलं नाही. पण एमएसएनच्या पत्तापुस्तकातली ती ओळ मात्र तशीच राहिली. वीसेक वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये कुणीतरी ते बेवारस डोमेन विकत घेतलं. झालं! आता एमएसएनच्या सबडोमेनच्या नावाने कुणी मेल पाठवायचे हे तो नवा मालक ठरवू लागला. एसपीएफची तपासणी केली तर मेल पास, कारण यादीच त्याने लिहिलेली. खोली एमएसएनची, किल्ली चोराकडे.

आता आपल्याकडे या. गॅदरिंग २०१९, टेक फेस्ट २०२१, एखादी राष्ट्रीय परिषद, एखाद्या वर्षीचं ॲल्युम्नी मीट. प्रत्येकासाठी एक सबडोमेन निघतं, बाहेरच्या फुकट होस्टिंगवर किंवा मेल पाठवणाऱ्या सेवेवर वळवलं जातं. कार्यक्रम झाला, फोटो टाकले, टीम पास आऊट झाली. पत्तापुस्तकातली ती ओळ कुणी पुसली? जिथे दर वर्षी नवी पाटी लागते, तिथे जुन्या पाट्या उतरवण्याचं कामही दर वर्षीच करावं लागतं. मांडव उभा करणाऱ्यानेच तो उतरवायचा असतो, हे आपल्याला गणपतीत बरोबर कळतं. सबडोमेनच्या बाबतीत मात्र मांडव तसाच ठेवून सगळे घरी जातात.

मग वेगळंच डोमेन घ्यायचं का?

इथे तुमच्यातला एखादा म्हणेल, एवढा व्याप कशाला? फेस्टसाठी सातशे-आठशे रुपयांत पूर्ण वेगळं डोमेन घेऊ. पत गेली तर त्याची जाईल, कॉलेजला धक्का नाही.

मुद्दा चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. एक तर नव्या डोमेनची पाटी कोरी असते. ओळखपाळख नसलेल्या नावावरून पहिल्याच दिवशी हजारो मेल गेले, तर ते थेट स्पॅममध्ये जाण्याचीच शक्यता जास्त. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कॉलेजच्या नावाशी मिळतीजुळती चार-पाच डोमेन बाजारात फिरू लागली, की विद्यार्थ्यांना कुठलंही मिळतंजुळतं नाव खरं वाटायची सवय लागते. उद्या फसवणारा तसंच एक नाव घेऊन "फी इथे भरा" म्हणाला, तर ओळखणार कसं?

देशातल्या बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हाच धोका ओळखून नेमका उलटा रस्ता धरला. सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या एकाच कुळातल्या नावावर यावं, असं सांगितलं. ही नावं द्यायचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवला. विचार साधा आहे: नावाचा शेवट बघून लोकांना खरं-खोटं कळलं पाहिजे. कॉलेजालाही तेच लागू होतं. म्हणून माझं मत सबडोमेनच्या बाजूने आहे. खोल्या वेगळ्या असाव्यात, पण घर एकच असावं आणि प्रत्येक खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे लिहून ठेवलेलं असावं.

कुणी असंही म्हणेल, की मेल सेवाच बदलून टाकू. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल गेल्या काही काळात झोहोच्या व्यवस्थेवर गेले. पण पत्ते राहिले तेच, गव्ह डॉट इन आणि निक डॉट इनचे. सर्व्हर बदलला तरी नाव बदलत नाही, आणि पतीचा मोठा भाग नावाला चिकटलेला असतो. भाड्याचं घर बदलल्याने दुकानदाराच्या वहीतलं पान कोरं होत नाही.

एसएमएसकडून शिकण्यासारखं

कामाचे निरोप आणि जाहिराती वेगळ्या ठेवायच्या, ही कल्पना तुमच्या फोनमध्ये रोज दिसते. कंपन्यांकडून आलेल्या एसएमएसच्या नावाच्या शेवटी हल्ली एक इंग्रजी अक्षर असतं. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, ओटीपीसारखे, आणि 'जी' म्हणजे सरकारी. ट्रायने २०२५ च्या फेब्रुवारीत नियम सुधारले, त्यातून हे आलं. ओटीपी आणि सेलची जाहिरात एकाच पाटीखाली येऊ नये, म्हणून कायद्यानेच भिंत घातली.

ईमेलला अशी सरकारी भिंत नाही. तिथे ही भिंत सबडोमेन वापरून आपणच घालायची असते. ती घालून उपयोग तेव्हाच, जेव्हा भिंतीच्या त्या बाजूलाही आपण शिस्तीने वागतो.

तुमच्या हातात काय आहे?

फेस्टच्या टीममध्ये असाल तर हे करा.

पहिलं, यादी. "माझ्याकडे दहा हजार मेल आयडींचा डेटा आहे" म्हणणाऱ्या सिनिअरला लांबून नमस्कार करा. अशा यादीत निम्मे पत्ते मेलेले असू शकतात आणि उरलेल्यांनी तुम्हाला विचारलेलं नसतं. ज्यांनी स्वतः पत्ता दिला त्यांनाच मेल पाठवा. हा फक्त शिष्टाचाराचा भाग नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच संमती आहे, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं तो कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत.

दुसरं, मेल पाठवण्याआधी आयटी विभागाला सांगा. सबडोमेनची एसपीएफ यादी आणि डीकेआयएमचा शिक्का लावून घ्या. बाहेरची सेवा वापरत असाल, तर शिक्का त्या कंपनीच्या नावाचा न राहता तुमच्या डोमेनच्या नावाचा असला पाहिजे. नाहीतर डीमार्कला तो जुळत नाही.

तिसरं, एकदम धाड घालू नका. पहिल्या दिवशी दोनशे, मग पाचशे, मग हजार, असं वाढवत जा. परत आलेले पत्ते त्याच दिवशी यादीतून काढा. आणि परीक्षेच्या, प्रवेशाच्या तारखा बघून त्या आठवड्यात जाहिरातीचे मेल थांबवा.

चौथं, कार्यक्रम संपला की पत्तापुस्तकातली नोंद पुसून घ्या. आभाराच्या भाषणाबरोबर हेही कामांच्या यादीत टाका.

आणि तुम्ही नुसते मेल घेणारे असाल तरी तुमचा अंगठा किरकोळ नाही. स्पॅमचं बटण म्हणजे तक्रारपेटी आहे. ज्या यादीत तुम्ही स्वतः नाव दिलं होतं, तिचा कंटाळा आला तर अनसबस्क्राइब करा. अनोळखी, फसव्या मेलसाठी स्पॅमचं बटण ठेवा, तिथे अनसबस्क्राइबच्या लिंकवर जाऊच नका. कॉलेजचा खरा मेल स्पॅममध्ये दिसला, तर तो उघडून 'नॉट स्पॅम' दाबा. हजारातले तीन जण नाव बुडवू शकतात, तर नेमाने 'नॉट स्पॅम' दाबणारे त्याला हात देऊन वरही काढू शकतात.

तीन प्रश्न विचारा

शेवटी खरा प्रश्न तंत्राचा नाहीच. एसपीएफ, डीमार्क लावायला एखादा जाणकार बसला तर फार वेळ लागत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कॉलेजच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं, हे एकत्र माहीत असलेला माणूस अनेक ठिकाणी नसतो. परीक्षा विभागाला फेस्टचं माहीत नसतं, फेस्टला प्लेसमेंटचं माहीत नसतं आणि वेबसाइट करून दिलेला माणूस तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेलेला असतो. वहीत पान एक आणि खर्च करणारे दहा.

म्हणून या आठवड्यात विद्यार्थी प्रतिनिधींनी प्राचार्यांकडे एक साधा अर्ज करावा. त्यात तीनच प्रश्न असावेत. आपल्या डोमेनची आज किती सबडोमेन चालू आहेत आणि प्रत्येकाचा जबाबदार माणूस कोण? त्यांच्यापैकी कुणाकुणाला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावलेलं आहे? आणि आपल्या नावावरच्या स्पॅम तक्रारींचं प्रमाण दर आठवड्याला कोण बघतं? हे बघायला गूगलचं 'पोस्टमास्टर टूल्स' फुकट मिळतं, त्यामुळे बजेट नाही हे उत्तर चालणार नाही.

उत्तरं मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर निदान हे कळेल, की पुढच्या परीक्षेच्या हॉल तिकिटाचा मेल ताडकळसला पोचेल की नाही, याची खात्री सध्या कुणीच देऊ शकत नाही. मग दुसरा अर्ज लिहायला घ्या.